आलेच!

दुपारचे एक वाजून दहा मिनिटं. शेगडीचे चारही बर्नर पेटलेले आणि पाचवं पातेलं ओट्यावर आपली पाळी कधी येते याची वाट बघत बसलेलं. बाहेरच्या खोलीत बारा माणसं. कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे एकदम हसले. काय बोललं ते मला कळलं नाही, कारण डोक्यावर एक्झॉस्ट घरघरत होता. "अगं, ये ना तूही, टेक जरा!" बाहेरून हाक आली. मी म्हटलं, "आलेच!"

त्या दिवशी मी किती वेळा "आलेच" म्हटलं, ते माझ्या मुलीने मोजलं होतं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिला मोजायचा नाद होता. जिन्याच्या पायऱ्या, समोरून जाणाऱ्या लाल गाड्या, कोण किती वेळा शिंकलं, सगळं मोजायची. रात्री पांघरूण घेता घेता तिने सहज सांगितलं, "आई, तू आज सतरा वेळा 'आलेच' म्हणालीस. आणि आलीस एकदाच, तेही पाणी द्यायला."

आधी मला तिचा राग आला. मग आपलाच आला. सुट्टीचा दिवस, लांबून आलेली आपली माणसं, आणि मला त्या दिवसातलं आठवत काय होतं, तर टाइल्सवर उडालेले तेलाचे थेंब.

माझं निदान त्या रात्री ठरून गेलं: पदार्थ फार होतात. पुढच्या सुट्टीला सातांचे चार केले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. एक वाजून दहा मिनिटांनी मी पुन्हा तिथेच उभी. चार बर्नर, चार पातेली, घामाघूम. फरक एवढाच पडला, की या वेळी कुणी जास्तीचं वाढून घेऊ लागलं की पुरेल ना, ही धास्तीही सोबतीला होती.

तेव्हा पहिल्यांदा कागद घेऊन बसले. एक वाजता जेवण, हे सगळ्यात खाली लिहिलं आणि तिथून उलटी वर चढत गेले. ताटं एक वाजता भरायची, तर भात कधी उतरायला हवा? तो तेव्हा उतरायचा, तर पाणी कधी ठेवायचं? तांदूळ कधी धुवायचे? प्रत्येक पदार्थाची अशी उलटी शिडी काढली आणि घोळ कुठे आहे ते ढळढळीत दिसलं. सकाळी नऊ ते अकरा या दोन तासांत कागद जवळपास कोरा होता आणि साडेबारा ते एक या अर्ध्या तासात नऊ कामं एकमेकांच्या उरावर बसली होती. मी निवडलेले चारही पदार्थ असे होते, की ते शेवटच्या दहा मिनिटांतच करावे लागतात. काम मुळात जास्त नव्हतंच. ते एका खिडकीत कोंबलेलं होतं.

त्या दिवसापासून आमच्या घरी एक नियम आहे, आणि नियम म्हणावा असा तो एकच आहे: शेवटच्या अर्ध्या तासात गॅसपाशी उभं राहायला लावणारा पदार्थ फक्त एक. बाकीच्यांनी आपापली सोय आधी बघायची. काल होऊन जायचं, नाहीतर झाकणाखाली नाहीतर ओव्हनमध्ये आपलं आपण शिजत पडायचं, नाहीतर गार खाण्याजोगं असायचं. त्या एका पदार्थाचे मात्र वाट्टेल तेवढे लाड करावेत. कुणाला तळायची हौस आहे? तळा. पण मग त्याच वेळी दुसऱ्या बर्नरवर ढवळत राहावं लागेल असं काही नको.

"काल होऊन जायचं" हे म्हणायला सोपं आहे. माझ्याच जिभेवर ते यायला वेळ लागला, कारण सणासुदीला ताजंच हवं, ही गाठ मनात घट्ट बसलेली. पण आपल्या भाषेने याचा निवाडा कधीच करून ठेवला आहे. कालच्या अन्नाला आपल्याकडे दोन शब्द आहेत, शिळं आणि मुरलेलं. दोन्ही एका रात्रीचीच, पण एकाला नाक मुरडतो आणि दुसऱ्याची वाटी पुढे करतो. मग कोणता पदार्थ कुठल्या बाजूचा, एवढंच शोधायचं राहतं.

रस्सेदार, दाटसर, डाळी-कडधान्यांचं, मांसाचं, हे सगळं मुरणाऱ्यांत मोडतं. मसाल्यांचे पुष्कळसे वास तेला-तुपात विरघळणारे असतात, ते रात्रभरात सगळीकडे पसरतात. मीठ बटाट्याच्या नाहीतर मांसाच्या तुकड्याच्या आतपर्यंत पोचायला वेळ घेतं, तो त्याला मिळतो. बटाटे आदल्या दिवशी उकडून गार केले, तर त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो आणि दुसऱ्या दिवशी परतताना फोडी मोडत नाहीत. ताजे उकडलेले गरम बटाटे परतायला गेले की त्यांचा लगदा होतो आणि आपण उलथन्याला दोष देतो. मळलेली कणीकसुद्धा थोडी पडून राहिली की सैल पडते आणि लाटताना मागे ओढत नाही.

याउलट कुरकुरीत आणि हिरवं यांना रात्र सोसत नाही. तळलेल्याच्या आतली वाफ बाहेरच्या कडक पापुद्र्यात शिरते आणि त्याचं चामडं होतं. काकडी-टोमॅटोला मीठ आधी लावलं की मीठ पाणी ओढून काढतं आणि जेवणाच्या वेळी भांड्यात कोशिंबीर कमी, तळं जास्त. म्हणून चिरून ठेवा, मीठ ताटं भरताना. आणि जे गार वाढायचं आहे त्याची चव गार झाल्यावरच बघा. गरम असताना बरोबर वाटलेलं मीठ गार झाल्यावर कमी लागतं. हे मी बऱ्याच अळणी सॅलडांनंतर शिकले.

आता एक तक्रार, पाककृती लिहिणाऱ्यांविरुद्ध. "कांदा सोनेरी होईपर्यंत परता, ५ मिनिटं." कुणाचा कांदा पाच मिनिटांत सोनेरी होतो? कांद्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते पाणी उडत नाही तोवर कढईतलं तापमान १०० अंशांच्या पुढे फारसं सरकत नाही, आणि खरपूस रंगासाठी ते १४० च्या आसपास जावं लागतं. मंद आचेवर गडद, गोडसर कांदा हवा असेल तर पाऊण तास धरा. "तयारीचा वेळ १५ मिनिटं" यातही सोलणं, धुणं, चिरणं, मिक्सरचं भांडं शोधणं आणि त्याचं झाकण शोधणं धरलेलं नसतं. पाककृती वाचून वेळापत्रक केलं की आपण स्वयंपाक सुरू करण्याआधीच अर्धा तास मागे असतो.

पाहुण्यांच्या दिवशी हे आणखी चिघळतं. माणसं दुप्पट झाली म्हणून आपण सामान दुप्पट घेतो, पण कढई तीच असते, आच तीच असते. चार माणसांचं मशरूम त्या कढईत छान तांबूस होतं. आठ माणसांचं टाकलं की थर जाड होतो, खालची वाफ वरच्यांत अडकते आणि सगळं आपल्याच पाण्यात उकडत बसतं. आच वाढवली की तळ करपतो. मी एकदा असं कढईभर राखाडी मशरूम वाढलं होतं. सगळे चांगले होते, कुणी काही बोललं नाही, आणि भांडं जवळजवळ भरलेलंच परत आलं. जास्त माणसांसाठी परतायचे पदार्थ निवडूच नयेत, शिजवायचे निवडावेत, हे त्या भांड्याने मला शिकवलं. मोठ्या पातेल्यात रटरटणारं काहीही आठाचं बारा, बाराचं पंधरा बिनबोभाट होतं. ओव्हन असेल तर त्यातला मोठा ट्रे ही तर फुकटची मदतनीस. तुकडे एका थरात पसरायचे, घड्याळ लावायचं, बाहेर जाऊन बसायचं.

आधी करून ठेवण्यात धोकाही आहे आणि तो मी स्वतः ओढवून घेतलेला आहे. आदल्या रात्री दहा वाजता मोठं पातेलं भरून राजमा झाला. गरम भांडं फ्रिजमध्ये कसं ठेवणार, गार झालं की ठेवू, म्हणून ओट्यावर झाकून ठेवलं आणि झोपून गेले. सकाळी सहाला डाव घातला, तर मधला भाग अजून कोमट. आठ तास! सगळं टाकून द्यावं लागलं, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सहा वाजता पाच लिटर राजमा टाकून देणाऱ्या बाईच्या तोंडाला कुणी लागू नये.

साधं गणित आहे. दाटसर पदार्थाचा थर दुप्पट जाड झाला की आतपर्यंत गार व्हायला दुप्पट नाही, साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून मोठ्या पातेल्यातलं लगेच तीन-चार पसरट भांड्यांत ओतायचं, पातळ थर करायचे, तासाभरात वाफ ओसरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित अन्नाच्या सूचनांतही हेच आहे: शिजलेलं अन्न बाहेरच्या हवेत २ तासांहून जास्त ठेवू नका, ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतू झपाट्याने वाढण्याचा पट्टा, आणि पुन्हा गरम करताना मधोमध ७० अंशांपर्यंत जाऊ द्या. भाताची जास्त काळजी घ्यायची, कारण त्यात असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते उगवतात आणि त्यांनी एकदा सोडलेलं विष पुन्हा गरम केल्याने जाईलच असं नाही. राजमा कच्चा राहिला तर बाधतो हेही लक्षात असू द्या. भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं आणि निदान दहा मिनिटं खळखळून उकळायचा. नुसत्या मंद आचेवर शिजवणाऱ्या भांड्यांत तो थेट टाकू नये तो याचसाठी.

एवढं सगळं केलं. कागद सुधारला, आदला दिवस वापरला, मोठी पातेली आणली. तरी "आलेच" पूर्ण गेलं नाही. सतराचं सहा-सात झालं. उरलेलं कुठून येतंय, ते मला एका भलत्याच ठिकाणी, स्वयंपाकघरांच्या इतिहासाबद्दल वाचताना सापडलं.

१९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्टमधल्या नव्या घरांसाठी स्वयंपाकघराचा आराखडा केला. खोली एवढीशी, सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. नमुना म्हणून त्यांनी आगगाडीच्या भोजनडब्यातलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवलं होतं. कुठल्या कामाला किती वेळ जातो, किती पावलं पडतात, याचा हिशोब करून ओटा, सिंक, कपाटं हाताशी आणली. तांदूळ, साखर यांसाठी नावं कोरलेले ॲल्युमिनियमचे छोटे खण होते, ते बाहेर काढून त्यातूनच ओतता येत. बसून काम करायला फिरतं स्टूल होतं. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. आपण आज ज्याला सलग ओटा म्हणतो त्याची ही पणजीच. गंमत म्हणजे तोवर आपण कधी स्वयंपाक केलेला नव्हता, असं बाईंनीच पुढे सांगून टाकलं.

घरातल्या बाईचे कष्ट वाचावेत हा त्यांचा हेतू होता, आणि ते वाचलेही. पण खोली इतकी नेमकी एका माणसाच्या मापाची झाली, की दुसऱ्याला तिथे उभं राहायला जागाच उरली नाही. पुढे टीका झाली ती यावरच: बाईला घरातल्या घरात एकटं पाडलं.

माझं स्वयंपाकघर बऱ्यापैकी मोठं आहे. तीन माणसं सहज मावतात. पण मीही त्याचं फ्रँकफर्ट करून ठेवलं होतं, भिंती न बांधता. "राहू दे, मीच करते, लवकर होईल." नवरा कांदा चिरायला बसला की मी त्याच्या फोडींकडे असं बघायची, की तो सुरी ठेवून निघून जायचा. मग मी त्याच्या नावाने भांडी आपटायची.

पाहुणे आत येऊन विचारतात, "मी काय करू?" हा प्रश्न मायेचा असतो, पण त्याचं उत्तर देणं हेही एक कामच. शेगडीवरचं लक्ष काढायचं, काय काय उरलंय ते आठवायचं, त्यातलं या माणसाला काय जमेल ते ठरवायचं, भांडी कुठे आहेत ते सांगायचं. एवढ्यात तिकडे दूध वर येतं. म्हणून आपण म्हणतो, "काही नाही हो, झालंच." आणि ते झालेलं नसतं. हात बारा, डोकं एक. सगळं त्या एका डोक्यात बंद.

मग तो कागद मी डोक्यातून काढून कपाटाच्या दारावर चिकटवला. मोठ्या अक्षरात, वेळा घालून. ज्याला विचारायचं त्याने दाराला विचारावं. दुसरा बदल जास्त जड गेला: काम तोडून देणं बंद केलं. "एवढा कांदा चिरून दे" यात फक्त हात दिले जातात, लक्ष आपल्याकडेच राहतं. "भात तुझा" म्हटलं, की तांदूळ किती घ्यायचे, कधी भिजवायचे, पाणी किती, मीठ घातलं का, पातेलं कुठलं, आणि ते नंतर घासायचं कुणी, हे सगळं त्या माणसाकडे जातं. पहिल्यांदा मी भात नवऱ्याला दिला तेव्हा बाहेर बसून तीनदा विचारलं, "पाणी बघितलंस का?" चौथ्यांदा विचारणार तेवढ्यात सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तू दिलायस ना त्याला भात? मग परत कशाला मागतेस?" सासूबाईंनी आयुष्यभर स्वयंपाकघरात कुणाला पाऊल ठेवू दिलं नव्हतं. त्यामुळे हे त्यांच्या तोंडून ऐकताना मला काय बोलावं ते सुचेना.

रोजच्या धबडग्यात याच गोष्टी लहान होऊन येतात. कामाच्या दिवशी दमवतो तो स्वयंपाक नव्हे, संध्याकाळी साडेसहाला दारात चप्पल काढता काढता पडणारा "आज काय करायचं?" हा प्रश्न. आमच्याकडे त्याचं उत्तर वारांना वाटून दिलंय. सोमवारी डाळ, मंगळवारी अंडी, बुधवारी फ्रीझर, असं. मुलगा कुरकुरला, "म्हणजे दर मंगळवारी अंडीच?" हो, दर मंगळवारी अंडीच. प्रकार तू सांग. कडधान्य शिजवायचं तेव्हा दुप्पट शिजवायचं आणि निम्मं गोठवायचं, कुकरला आणि मला दोघांनाही त्याचं काही वाटत नाही.

फ्रीझरबद्दल मात्र एक सांगते, डब्यावर नाव आणि तारीख लिहा. उणे १८ अंशांना जंतू वाढत नाहीत, पण आपली स्मरणशक्तीही तिथे गोठते. दोन वर्षांपूर्वीच्या एका बुधवारी मी कांदा-लसूण झकास परतला, फ्रीझरमधून टोमॅटोच्या रश्शाचा डबा काढला आणि ती लाल वीट तशीच कढईत सोडली. पाच मिनिटांनी घरभर स्ट्रॉबेरीचा वास सुटला. उन्हाळ्यात मुलीने मिल्कशेकसाठी करून ठेवलेला गर होता तो. बर्फाच्या भुकटीखाली सगळं लाल सारखंच दिसतं. लसूण घातलेली स्ट्रॉबेरी आम्ही प्रत्येकी एक चमचा खाऊन बघितली, आणि त्या दिवशी ब्रेड-बटरवर जेवण झालं. मुलगा अजून सांगतो, की ते त्या महिन्यातलं सगळ्यात छान जेवण होतं.

मागच्या सुट्टीला चौदा माणसं होती. रस्सा आदल्या दिवशीचा, मुरलेला. ट्रेमधल्या भाज्या ओव्हनमध्ये. सॅलड चिरून फ्रिजमध्ये आणि त्याच्या मिठाची जबाबदारी मुलाकडे. गोड एक पाहुणेच घेऊन आले होते. भात मुलीचा. ती आता पंधराची आहे, मोजायचा नाद सुटलाय. दाराला चिकटवलेल्या कागदावर तिच्या नावापुढे बारा वाजून पंचवीस मिनिटं असं लिहिलं होतं आणि ती बारा वीसलाच आत गेली.

मी बाहेर बसले होते. हातात सरबताचा ग्लास, शेजारी सासूबाई. कुणीतरी जुन्या घरातली एक गोष्ट सांगत होतं, मी ती पहिल्यांदाच पूर्ण ऐकत होते. एक वाजायला पाच मिनिटं असताना एकाने आत बघून हाक मारली, "अगं, ये ना तूही बाहेर!"

आतून आवाज आला, "आलेच!"

माझ्या पोटात गोळा आला. ग्लास ठेवून मी अर्धी उठले होते, तेवढ्यात सासूबाईंनी हात धरला. "बस गं."

आणि ती खरंच आली, मिनिटभरात, दोन्ही हातांत फडकी घेऊन भाताचं पातेलं सांभाळत. भात मोकळा, पांढराशुभ्र, वाफाळता. सगळ्यांनी वाढून घेतलं. पहिला घास घेतला आणि टेबलाभोवती एक क्षण कुणीच काही बोललं नाही. मीठ राहिलं होतं.

"आई, तू का नाही विचारलंस मीठ घातलं का म्हणून?" ती माझ्याकडे बघत म्हणाली.

"भात तुझा होता," मी म्हटलं आणि मिठाची डबी तिच्याकडे सरकवली. तिने चिमूटभर घेऊन शेजाऱ्याला दिली, त्याने पुढे. चौदा ताटांवरून ती डबी फिरून माझ्यापर्यंत परत यायला चांगला वेळ लागला, कारण मधेच ती अर्धवट राहिलेली गोष्ट पुन्हा सुरू झाली होती.